दक्षिण वाऱ्याच्या नावाचं विमान

पहिला दिवस, मंगळवार : थर्मास्टन

लेस्टरला लेकाकडे येऊन आठ दिवस झाले तरी परदेशात आल्यासारखं काही वाटेना. बेलग्रेव्ह रोडवर मेथीची जुडी मिळते, कढीपत्ता मिळतो, दुकानदार गुजरातीत भाव सांगतो. चिन्मयने विचारलं, "आई, शनिवारी लंडन करायचं का?" मी म्हटलं, "लंडन मागच्या वेळी झालं. मला थर्मास्टनला ने." तो माझ्याकडे बघतच राहिला. थर्मास्टन म्हणजे त्याच्या घरापासून जेमतेम दोन-तीन मैलांवरचं उपनगर. तो तिथे आठवड्याचं सामान आणायला जातो.

कारण अण्णा. माझे वडील. वय ८६, मुक्काम नाशिक. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी देवळालीला विमानाच्या कापडावर काम करण्यात घालवली. हो, कापडावर. ऑस्टर नावाच्या छोट्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असायचा आणि अंगावर पत्र्याऐवजी ताणून बसवलेलं कापड. त्यावर डोप नावाचं रसायन चढवायचं, म्हणजे ते आवळून ताशाच्या कातड्यासारखं वाजायला लागतं. अण्णा घरी आले की अंगाला त्या डोपचा वास यायचा. नेलपॉलिशची बाटली उघडली की मला अजूनही अण्णा आठवतात, आणि हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात.

देवळालीच्या तोफखाना शाळेला या विमानाचं काय काम? तोफ डागणाऱ्याला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. ते वरून बघून सांगायला एक माणूस लागतो, तो ऑस्टरमध्ये बसायचा. एअर ओपी म्हणतात त्याला. ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीतच, भारतीय सैन्याची पहिली एअर ओपी फ्लाइट उभी राहिली. आजच्या आर्मी एव्हिएशन कोअरचं मूळ तिथे आहे.

तर पुढे थेट अंटार्क्टिकापर्यंत पोचलेलं हे विमान जन्मलं थर्मास्टनमध्ये. कापडगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याचा प्रमुख होता अलेक्झांडर लान्स वाइक्स. त्याला उडण्याचं वेड. त्याने अमेरिकेतल्या टेलरक्राफ्ट कंपनीकडून हलक्या विमानाचा परवाना घेतला आणि १९३८ मध्ये इथे कंपनी काढली. हौशी लोकांनी रविवारी उडवावं असलं ते विमान. वर्षभरात युद्ध आलं आणि रविवारचं विमान सैन्यात भरती झालं. दीड हजारांहून जास्त ऑस्टर युद्धासाठी बनली. वाइक्स मात्र युद्धाचा शेवट पाहायला उरला नाही, १९४४ मध्ये एका प्रात्यक्षिकाच्या उड्डाणातच तो गेला.

थर्मास्टनमध्ये आज बघायला काय आहे? खरं सांगायचं तर काही नाही. विटांच्या जुन्या इमारती, गॅरेजं, गालिच्यांचं दुकान. चिन्मयने ट्रॉली भरली, मी रस्त्याचे चार फोटो काढले आणि अण्णांना पाठवले. उत्तर आलं : "हे काय आहे?"

दुसरा दिवस, बुधवार : रिअर्सबी

मेल्टन मोब्रेकडे जाणाऱ्या बसने रिअर्सबी. गाव चित्रातल्यासारखं, ओढ्यावर सात कमानींचा जुना दगडी पूल. पुलावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन उभे होते. मी विमानतळाचं विचारलं तर त्यांनी हाताने वाट दाखवली आणि म्हणाले की त्यांच्या आईने तिथे पंख शिवले आहेत. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी ते भारतात दुरुस्त केले आहेत. मग आम्ही दोघंही थोडा वेळ कुत्र्याकडे बघत राहिलो. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना.

कारखाना रिअर्सबीला आला आणि युद्धानंतर, १९४६ मध्ये, कंपनीनेच ऑस्टर हे नाव घेतलं. पुढे १९६० च्या सुमारास ती बीगल नावाच्या कंपनीत विरघळली आणि त्या दशकाच्या शेवटी बीगलचंही दिवाळं निघालं. धावपट्टी तशीही गवताचीच होती. आता तिथे औद्योगिक शेड आहेत आणि बाकी शेती. मी कुंपणाशी उभी राहिले. गव्हाची कापणी झालेली, वारा सुटलेला. ऑस्टर हे दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याचं लॅटिन नाव. ते ठेवणाऱ्याच्या मनात अंटार्क्टिका असण्याचं काही कारण नव्हतं. त्याला तोफांसाठी विमान द्यायचं होतं. पण नाव लागू पडलं खरं.

परतीच्या बसने पाऊण तास वाट बघायला लावली. मी सोबत आणलेला थालीपीठाचा डबा तिथेच उघडला.

तिसरा दिवस, गुरुवार : घरीच

पाऊस. दिवसभर. नातवाला घावन करून घातले आणि दुपारी उद्याची तयारी म्हणून वाचत बसले. निवृत्त झाले तरी शाळेची सवय जात नाही, गृहपाठ केल्याशिवाय सहलीला जायचं नाही. वहीत टिपलेल्यातलं थोडं इथे उतरवते.

पृथ्वीच्या त्या टोकाला, अंटार्क्टिकाला, उडायची खटपट फार आधीपासूनची. फेब्रुवारी १९०२ मध्ये कॅप्टन स्कॉटने दोराला बांधलेल्या बलूनमधून वर जाऊन पाहिलं. १९११ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसनने खरंखुरं व्हिकर्स विमान विकत घेतलं, ते निघण्याआधी ॲडलेडमध्येच आपटलं. मॉसनने मोडलेले पंख तिथेच टाकले आणि बिनपंखी विमान स्लेज ओढायला म्हणून अंटार्क्टिकाला नेलं! हा माणूस मला आवडला. आपल्याकडे मोडक्या स्कूटरच्या इंजिनावर पाण्याचा पंप चालवणारे असतात, त्यांच्या जातकुळीचा. तिथलं पहिलं इंजिनावरचं उड्डाण झालं १६ नोव्हेंबर १९२८ ला, डिसेप्शन बेटावरून. ह्युबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन, विमान लॉकहीड व्हेगा.

ऑस्टर या गोष्टीत येतं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि येतं ते थाटामाटाशिवाय. युद्धात बनलेली ढिगाने उपलब्ध, स्वस्त, पंख काढून बोटीच्या डेकवर बांधता येणारी. दुरुस्तीला सुई-दोरा, डोप आणि हातोडी पुरे. (अण्णा म्हणतील, "पुरे काय पुरे! करून बघ.") चाकांच्या जागी बर्फावर स्की लावा, पाण्यावर फ्लोट लावा. १९४९ मध्ये नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडनची संयुक्त मोहीम निघाली, तिच्याबरोबर ब्रिटिश हवाई दलाची ऑस्टर गेली. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाने मॉसन हे ठाणं उभारलं, तिथेही ऑस्टर. त्या ठाण्याजवळच्या एम्परर पेंग्विनच्या एका मोठ्या वसाहतीचं नाव आजही ऑस्टर रूकरी आहे, या विमानावरूनच. हजारो पेंग्विन पिढ्यान् पिढ्या तिथे अंडी पायांवर घेऊन उभे राहतात आणि पत्ता सांगायचा तर रिअर्सबीच्या कारखान्याचं नाव घ्यावं लागतं.

चौथा दिवस, शुक्रवार : कॉसफर्ड

लेस्टर ते बर्मिंगहॅम, तिथून वुल्व्हरहॅम्प्टन, तिथून छोट्या गाडीने कॉसफर्ड. पैकी मधली गाडी ऐनवेळी रद्द झाली. फलाटावर एक बाई अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी चिडत होती, मी मनातल्या मनात चिडले. चिन्मयने सुट्टी घेतली होती, तो म्हणाला, "आई, अंटार्क्टिकाला महिनाभर अडकून राहिलेल्यांना बघायला चाललोय, तास काय घेऊन बसलीस." लेकरू गृहपाठ माझ्याच वहीतून करतं.

कॉसफर्डला ब्रिटिश हवाई दलाचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन ही अणुबाँब वाहणारी तीन अजस्र विमानं एकत्र पाहायला मिळणारं जगातलं हे एकच ठिकाण. लोक त्यांच्यासाठी येतात. मीही पाच मिनिटं मान वर करून पाहिली. मग एका स्वयंसेवकाला ऑस्टरचं विचारलं. तो खूश झाला. बहुधा फार कुणी विचारत नसावं.

आणि ते दिसलं. क्रमांक डब्ल्यूई ६००. पंखांची लांबी ११ मीटर, म्हणजे आपली एसटी बस असते तेवढी. तोंडाशी १४५ अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन, आजच्या बऱ्या मोटारीत याहून जास्त ताकद असते. बर्फात कुठे उतरावं लागलं तर लांबून दिसावं म्हणून भडक रंग. आत दोघांची दाटीवाटी. याच्यात बसून माणसं अशा जागी गेली जिथे नकाशा कोरा होता.

हे मूळचं शिकाऊ वैमानिकांचं विमान, टी ७ जातीचं. १९५५ ते ५८ च्या राष्ट्रकुल अंटार्क्टिका मोहिमेसाठी अशी दोन बदलून घेतली. जास्तीचे वायरलेस संच, स्की आणि फ्लोट दोन्ही बसतील अशी सोय. मोहीम व्हिव्हियन फुक्स यांची : वेडेल समुद्राच्या काठावरून निघायचं, दक्षिण ध्रुवावरून जायचं आणि खंड ओलांडून पलीकडे रॉस समुद्राला लागायचं. त्याआधी हेच करायला निघालेल्या शॅकल्टनला जे जमलं नव्हतं ते. पलीकडून ध्रुवाच्या वाटेवर इंधन-अन्नाचे साठे लावत यायचं काम एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरींच्या न्यूझीलंडच्या तुकडीकडे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये 'थेरॉन' बोट लंडनहून निघाली, फुक्स आणि हिलरी दोघंही तिच्यावर होते आणि एक ऑस्टरही. वेडेल समुद्रात शिरल्यावर बोट बर्फात अडकली. सुमारे महिनाभर. याच समुद्राने ४० वर्षांपूर्वी शॅकल्टनची 'एन्ड्युरन्स' चिरडून गिळली होती, त्यामुळे बोटीवर कुणाला झोप लागत असेल असं वाटत नाही. डेकवरून बघावं तर क्षितिजापर्यंत नुसता पांढरा चिखल. बर्फात पाण्याचं एक डबकं मोकळं होतं, तिथे ऑस्टरला फ्लोटवर उतरवलं आणि ते उडालं. वरून दिसलं मोकळं पाणी कुठल्या दिशेला आहे. मदतीला आलेल्या 'प्रोटेक्टर' या नौदलाच्या बोटीकडूनही हवाई टेहळणी झाली. 'थेरॉन' सुटली, जानेवारी १९५६ च्या अखेरीस वाहसेल उपसागराशी पोचली आणि शॅकल्टन नावाचं ठाणं उभं राहिलं. फेब्रुवारीत बोट परत फिरली. आठ माणसं तिथे हिवाळ्यासाठी राहिली आणि घर बांधून होईपर्यंत त्यांचा संसार बर्फावर चालणारी स्नोकॅट गाडी ज्यातून आली त्या लाकडी खोक्यात चालला.

मी त्या विमानापुढे उभी होते तेव्हा मला देवळालीच आठवत होती. तोफखान्यात याचं काम काय होतं? वर जायचं, बघायचं, सांगायचं. गोळा दुसरा कुणी मारतो, नाव तोफेचं होतं. इथेही तेच. ध्रुव गाठला ट्रॅक्टरनी आणि स्नोकॅटनी. हिलरी ४ जानेवारी १९५८ ला फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन ध्रुवावर, फुक्स १९ जानेवारीला, आणि पलीकडे रॉस समुद्राकाठच्या स्कॉट तळावर २ मार्चला. ९९ दिवसांत २,१५८ मैल. फोटोत तेच लोक आहेत. पण पुढे भेगा कुठे आहेत, डोंगरातून फट कुठे आहे, हे आधी कुणीतरी वरून पाहून आलं होतं. थेरॉन पर्वतरांग माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडली ती फेब्रुवारी १९५६ मध्ये, विमानातून.

ओझी वाहण्याचं काम मात्र ऑस्टरचं नव्हतं, त्याला ते झेपलंही नसतं. त्यासाठी पुढच्या वर्षी 'मॅगा डॅन' बोटीने कॅनेडियन बनावटीचं ऑटर आणलं, एकाच इंजिनाचं पण अंगाने दणकट. किनाऱ्यापासून पावणेतीनशे मैल आत साउथ आइस हे ठाणं उभं राहिलं ते ऑटरने सामान वाहून नेल्यावर. तिथे तीन माणसांनी अख्खा हिवाळा काढला. शेवटी ६ जानेवारी १९५८ ला जॉन लुइस, गॉर्डन हॅस्लप, पीटर वेस्टन आणि टॅफी विल्यम्स साउथ आइसवरून ऑटर घेऊन निघाले ते सुमारे ११ तासांनी खंड ओलांडून स्कॉट तळावर उतरले. एका इंजिनाच्या विमानाने मध्ये कुठेही न उतरता अंटार्क्टिका ओलांडण्याची पहिलीच वेळ. मध्ये इंजिन खोकललं असतं तर? पण हा प्रश्न विचारणारे लोक असल्या नोकऱ्या करत नाहीत.

ऑस्टरचं दुसरं भावंड, डब्ल्यूई ५६३, न्यूझीलंडच्या हवाई दलाकडे गेलं आणि तिथे एनझेड १७०७ झालं. हिलरींच्या तुकडीत ते आणि एक बीव्हर नावाचं विमान. बीव्हर ओझ्याचं, ऑस्टर नजरेचं. जोडी तीच.

बाराला मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. नाशिकला साडेचार, चहाची वेळ. अण्णा चष्मा लावून फोन नाकाशी धरून बघतात, त्यामुळे मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"अण्णा, ओळखा."

"ऑस्टर आहे. पुढे ने. अजून पुढे. इंजिन जिप्सी दिसतंय. आमच्या ऑस्टर नाइनमध्ये बाँबार्डियर होतं, १८० चं. शेपटीकडे घे."

मी दोरीच्या बाहेरून हात लांब करून फोन शेपटीकडे नेला. फोनमध्ये काही क्षण शांतता.

"शेपूट नेहमीचं नाही. मोठं केलंय."

माझ्या वहीत हे होतं. फ्लोट लावले की विमानाच्या पोटाखाली पुढे भलताच मोठा पृष्ठभाग येतो, वाऱ्यात नाक भरकटायला लागतं. ते सरळ ठेवायला मागे उभा पंखही मोठा हवा, म्हणून अंटार्क्टिकाच्या ऑस्टरचं शेपूट मुद्दाम वाढवलं होतं. मी ते वाचून आले होते. अण्णांनी १० सेकंदांत फोनवरून पाहिलं. शेजारचा स्वयंसेवक विचारायला लागला, काय म्हणतायत ते? मी सांगितलं. तो थेट फोनसमोर वाकला आणि त्याने अण्णांच्या कपाळाला सलाम ठोकला.

"कोण आहे गं तो?" अण्णा म्हणाले. "त्याला विचार, कापड मूळचंय का बदललंय."

त्याला माहीत नव्हतं. अण्णा नाराज झाले.

मग थंडीचं बोलणं निघालं. मी म्हटलं, तिकडे काम थांबलं की इंजिनातलं तेल गरम असतानाच काढून घ्यायचे, तंबूत नेऊन ठेवायचे आणि उडायच्या आधी तापवून परत ओतायचे, नाहीतर ते डांबरासारखं घट्ट होतं. इंजिनावर कॅनव्हासची झूल टाकून खाली स्टोव्ह पेटवायचे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापडाखाली स्टोव्ह? डोप म्हणजे काय असतं माहितीय का तुला? काडीसारखं पेटतं ते. त्या माणसाचं नाव लिहिलंय का तिथे, स्टोव्हपाशी बसायचा त्याचं?"

फलकावर नव्हतं. मी दोनदा वाचला.

पाचवा दिवस, शनिवार : केंब्रिज

लेस्टरहून केंब्रिजला थेट गाडी आहे. चिन्मयला झोपू दिलं आणि एकटीच निघाले. मेल्टन मोब्रे, ओकहॅम, स्टॅमफर्ड, पीटरबरो, इली. इलीनंतर जमीन इतकी सपाट की पोळपाट बरा.

लेन्सफील्ड रोडवर स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट, १९२० मध्ये स्थापन झालेली. आत शिरताच वर दोन घुमट, एकावर उत्तर ध्रुवाचा नकाशा रंगवलेला, दुसऱ्यावर दक्षिणेचा. मॅकडॉनल्ड गिल यांचं काम. बोटी आहेत त्यात, चिमुकल्या. विमानं नाहीत. संग्रहालय लहान आहे पण बाहेर पाय निघत नाही : स्लेज, गॉगल, फरचे बूट, ध्रुवावरून परतताना दगावलेल्या स्कॉटच्या लोकांची शेवटची पत्रं. पत्रांपाशी मी थांबले नाही फार. दुसऱ्याची अशी पत्रं काचेतून वाचणं मला जमत नाही.

मी शोधत होते बर्नार्ड स्टोनहाउस यांची गोष्ट. पेंग्विनचे मोठे अभ्यासक, उत्तरायुष्यात याच संस्थेत काम केलेले. १९४७ मध्ये ते अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या स्टोनिंग्टन बेटावरच्या ठाण्यात होते, पोरसवदा वयात. तिथे एक ऑस्टर होतं, नाव ठेवलं होतं 'आइस कोल्ड केटी'. सप्टेंबरमध्ये ते समुद्रावरच्या बर्फावर उतरताना मोडलं. आतली तीन माणसं जिवंत, पण ठाणं लांब. स्टोनहाउस त्यातलेच एक. आठवडाभर चालत ते तिघं परतले. ऑस्टरच्या कौतुकाबरोबर हेही लिहायला हवं. गुळगुळीत दिसणाऱ्या बर्फावर वरून उंचसखल काही कळत नाही आणि हलकं विमान एका उंचवट्याला अडखळलं तरी उलटतं.

त्याच बेटावर पुढे फुक्सही अडकले होते, त्यांच्यासह एकूण ११ जण. बर्फामुळे बोट पोचेना. १९५० च्या सुरुवातीला पीटर सेंट लुइस या कॅनेडियन वैमानिकाने नॉर्समन विमानाने त्यातल्या काही जणांना बाहेर काढलं. खंड ओलांडायची कल्पना फुक्स यांना याच मुक्कामात सुचली असं सांगतात. बोट येत नाही तेव्हा आकाशाकडे बघत बसायचं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं. पाच वर्षांनी 'थेरॉन'च्या डेकवर विमान बांधलं जात होतं तेव्हा ते त्यांना आठवलं असणार, असा माझा आपला अंदाज.

दुकानातून एम्परर पेंग्विनचं चित्र असलेलं कार्ड घेतलं. मागे लिहिलं : ती. अण्णांस, यांच्या गावाचं नाव ऑस्टर आहे. विक्रेत्या मुलीने कुठली लिपी म्हणून विचारलं, मराठी म्हटल्यावर तिने कौतुकाने पुन्हा एकदा पाहिलं.

परतीच्या गाडीत अंधार पडत आला होता. मेल्टन सुटलं. या रुळांवर रिअर्सबीचं स्टेशन होतं पूर्वी, आता गाडी थांबत नाही. खिडकीला हाताचा आडोसा करून बघितलं, शेडचे दिवे लागले होते तेवढे दिसले.

सिस्टनच्या आसपास फोन वाजला. अण्णांचा आवाजी निरोप. नाशिकला मध्यरात्र उलटून गेलेली, पण ते जागे.

"अगं, कालचा शेपटीचा फोटो नीट आला नाही. परत जायची असशील तर जवळून काढ. शिवण दिसली पाहिजे. आणि त्या माणसाला म्हणावं, दोरी बाजूला कर."